गाडीची रोजकीर्द

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. गल्ला रिकामा दिसला, म्हणून दोष गल्ल्याचा नसतो. पैसे कमी आले असतील, जास्त गेले असतील, किंवा आलेले पैसे गल्ल्यापर्यंत पोहोचलेच नसतील. यांपैकी नेमके काय घडले, हे रोजकीर्द उघडल्याशिवाय कळत नाही. दुकानात हा विवेक कसोशीने पाळणारा माणूस घरासमोर उभ्या असलेल्या मोटारीच्या बाबतीत मात्र तो सहज विसरतो. सकाळी किल्ली फिरवली, सेल्फ नुसता टकटक करून थांबला आणि इंजिन चालू झाले नाही, की पहिले वाक्य ठरलेले असते, "बॅटरी गेली." दुसरे वाक्य त्याच्या पाठोपाठ येते, "नवीन टाकून घ्या."

कधीकधी बॅटरी खरोखरच गेलेली असते. सामान्यतः तीन-चार वर्षे सेवा दिल्यावर ती थकते, आणि आपल्याकडील उन्हाळा तिचे आयुष्य आणखी कमी करतो. परंतु अनेकदा बॅटरी निर्दोष असते आणि शिक्षा तिला होते. नवी बॅटरी बसवली की गाडी चार-सहा महिने बरी चालते, मग तीच तक्रार पुन्हा उभी राहते. याचे कारण असे की, बॅटरी ही केवळ शिल्लक आहे. कमाई करणारा वेगळा आणि खर्च करणारे वेगळे.

कमाई करतो तो अल्टरनेटर. इंजिन फिरू लागले की पट्ट्याच्या साहाय्याने तो फिरतो आणि वीज निर्माण करतो. दिवे, वायपर, वातानुकूलनाचा पंखा, इंधनाचा पंप, इंजिनाचा संगणक हे सारे खर्च गाडी चालू असताना त्याच्याच कमाईतून भागतात. उरलेली वीज बॅटरीत जमा होते. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लांटे यांनी १८५९ मध्ये पुन्हा पुन्हा भरता येणारी शिसे आणि आम्लाची बॅटरी तयार केली. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत विजेवर चालणारा सेल्फ आला, तेव्हापासून इंजिन चालू करण्याचे काम हळूहळू हँडल फिरवणाऱ्या हाताकडून बॅटरीकडे गेले. जुन्या अँबॅसिडर आणि फियाट गाड्यांत वीजनिर्मितीसाठी डायनामो असे. पुढे त्याची जागा अल्टरनेटरने घेतली, तरी गॅरेजच्या बोलीत 'डायनामो' हा शब्द आजही टिकून आहे. शिवाजी पेठेपासून उद्यमनगरापर्यंत कोठेही "डायनामो चार्जिंग करत नाही" असे कोणी म्हटले, तर त्याचा अर्थ अल्टरनेटर, असाच घ्यावा.

पेठेतल्या गाड्यांचे जीवनमान तपासले, तर त्यांच्या दुखण्याचे निम्मे उत्तर तेथेच मिळते. निवृत्ती चौक किंवा उभा मारुती चौक परिसरातील घरापासून लक्ष्मीपुरीतील दुकान जेमतेम दोन-अडीच किलोमीटर. त्यातही महाद्वार रोडच्या गर्दीत गाडी चालण्यापेक्षा थांबतेच अधिक. इंजिन मंद गतीने फिरत असते, अल्टरनेटरची कमाई त्या वेळी सर्वांत कमी असते, आणि पंखा व दिवे मात्र पूर्ण जोराने चालू असतात. म्हणजे उत्पन्न घटलेल्या काळातच खर्च वाढलेला.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सेल्फ मारल्यानेच बॅटरी उतरते, असे बहुतेकांना वाटते. हिशेब वेगळे सांगतो. सेल्फने २०० अँपिअर वीज ३ सेकंद घेतली, असे धरले तरी तो खर्च ०.१७ अँपिअर-तासापेक्षा अधिक होत नाही. मोकळ्या रस्त्यावर अल्टरनेटर तो काही मिनिटांत भरून काढतो. याउलट गाडी बंद करून कुलूप लावल्यावरही घड्याळ, सुरक्षा-यंत्रणा, संगणकाची स्मरणशक्ती यांना थोडी वीज लागतेच. ही गळती ४० मिलिअँपिअर धरली, तर दिवसाला जवळजवळ १ अँपिअर-तास खर्च पडतो, म्हणजे सेल्फ पाच-सहा वेळा मारण्याइतका. कुटुंब सम्मेदशिखरजीच्या यात्रेस जाऊन तीन आठवड्यांनी परतले, तर ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीतील निम्मी शिल्लक कोणीही गाडीला हात न लावता संपलेली असते. मोठ्या खरेदीची नोंद सर्वांच्या लक्षात राहते. रोजच्या किरकोळ खर्चाने दुकान बुडते, हे व्यापाऱ्याला ठाऊक असते. गाडीलाही तोच नियम लागू आहे. शिवाय अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर तिच्या शिशाच्या पत्र्यांवर लेड सल्फेटचे कठीण थर जमतात. मग पूर्ण भरली तरी ती पूर्वीइतकी वीज साठवू शकत नाही. शिल्लकच नव्हे, मुद्दलही घटते.

तेव्हा निदानाची सुरुवात मोजणीने व्हावी. साधा डिजिटल मल्टिमीटर बॅटरीच्या किमतीच्या मानाने अगदी स्वस्त मिळतो आणि तो वापरण्यास फार मोठे शिक्षण लागत नाही. मात्र बॉनेट उघडण्यापूर्वी हातातील कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये सोन्याचे कडे अडकले, तर ते क्षणात लालबुंद तापते. इंजिन चालू असताना ओढणी, पदर, सैल बाही पट्ट्यापासून दूर ठेवावी.

पहिली मोजणी शिल्लकेची. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सेल्फ मारण्याआधी मीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावावा. सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ किंवा त्याखाली म्हणजे जवळजवळ उतरलेली. गाडी नुकतीच फिरून आली असेल, तर हा आकडा फसवा असतो. पत्र्यांवरचा वरवरचा भार तो वाढवून दाखवतो.

दुसरी मोजणी उचलीची. एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने मीटर पाहावा. बॅटरी भरलेली असताना सेल्फ फिरतेवेळी दाब साधारण ९.६ व्होल्टच्या खाली घसरू नये. भरलेली असूनही घसरत असेल, तर संशय प्रथम बॅटरीवर, मग तिच्या टोकांच्या जोडांवर आणि सेल्फवर घ्यावा.

तिसरी मोजणी जमेची. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. आकडा १२.५ च्या आसपासच राहिला, तर कमाई पोहोचत नाही. १५ च्या वर गेला, तर नियंत्रक बिघडला आहे. अशा वेळी बॅटरीतील पाणी उकळते, कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि दिव्यांचे बल्ब वारंवार जातात. अलीकडच्या काही गाड्यांत संगणकच गरजेनुसार हा दाब कमी-अधिक करतो, म्हणून तेथे एका आकड्यावरून निर्णय देऊ नये. त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतील मर्यादा पाहाव्यात.

या तीन मोजण्या अनेक जण करतात. चौथी मोजणी मात्र बहुधा राहून जाते, आणि खरी गफलत तेथेच होते. ती समजण्यासाठी शिवाजी पेठेतील एखाद्या घराचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. असे घर कोणत्याही गल्लीत सापडेल.

घरातील वडीलधाऱ्यांना सर्व जण अण्णा म्हणतात. धान्याची पेढी लक्ष्मीपुरीत, गाडी आठ वर्षांची. दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या आणि तिसरी बदलण्याची वेळ आली. पहिल्या दोन्ही वेळी बॅटरी ज्या दुकानातून घेतली, त्या दुकानाशी अण्णांच्या वडिलांपासूनचा व्यवहार. या खेपेस बॅटरी हमीत बदलून मागितली, तेव्हा दुकानदाराने ती रात्रभर चार्ज केली, तपासली आणि "बॅटरी चांगली आहे" म्हणून परत दिली. मुलाचा संताप झाला. शिळा माल गळ्यात मारला आणि आता हमीही नाकारतात, असे तो चारचौघांत बोलू लागला. लग्नकार्यात, मंदिराच्या आवारात, पेढीवर तो शब्द फिरला. व्यापारात माणसाची पत अशाच एका शब्दाने उतरते आणि ती भरून काढण्यास कोणताही चार्जर उपयोगी पडत नाही.

अण्णांनी गाडी उद्यमनगरातील एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवली आणि स्वतः सोबत गेले. मिस्त्रींनी बॅटरी काढली नाही. इंजिन चालू करून मीटर लावला, तर १३.९ व्होल्ट. मुलगा म्हणाला, "बघा, चार्जिंग बरोबर आहे. म्हणजे बॅटरीच खराब." मिस्त्रींनी मग मोठे दिवे, मागच्या काचेचे हीटर आणि पंखा पूर्ण जोरावर चालू करायला सांगितले आणि इंजिनाची गती थोडी वाढवली. आता बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसू लागले. त्याच क्षणी मीटरची टोके अल्टरनेटरवर लावली, तर तेथे १४.३.

म्हणजे अल्टरनेटर कमाई करत होता आणि बॅटरी ती घेण्यास तयार होती. मधल्या वाटेत १.७ व्होल्ट नाहीसे होत होते. ही वाट मोजण्याची रीत सोपी आहे. दिवे व पंखा चालू ठेवून मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकावर ठेवायचे. येथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा अधिक फरक नसावा. त्यांना १.६ व्होल्ट मिळाले. मग एक टोक अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवले, तेथे केवळ ०.१. अर्थिंग चांगले होते. दोष धन बाजूच्या वायरीत. अल्टरनेटरवरची रबरी टोपी सरकवली, तेव्हा नट सैल झालेला, खालचे तांब्याचे कान हिरवट पडलेले आणि वायरीचे आवरण काळवंडलेले दिसले. चाळीस अँपिअर वीज तेथून जाताना १.६ व्होल्ट गमावत असेल, तर त्या एका नटावर ६४ वॅटची उष्णता निर्माण होते. पूर्वी माजघरात लावायच्या साठच्या पिवळ्या बल्बची सारी धग त्या बोटभर जागेत कोंडलेली. आणखी काही महिने ते तसेच राहिले असते, तर प्रश्न बॅटरीचा न राहता आगीचा झाला असता.

"अण्णा, बॅटरीबी चांगली हाय, डायनामोबी चांगला हाय," मिस्त्री म्हणाले. "माल निघतोय, पण वाटंतच सांडतोय."

डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या चिन्हाचा लाल दिवा इतके दिवस का लागला नाही, हा प्रश्न कोणालाही पडेल. तो दिवा मुख्यतः अल्टरनेटरची निर्मिती थांबल्यास लागतो. निर्मिती चालू आणि पोहोच बंद असेल, तर तो गप्प राहू शकतो. आणि बिनभाराच्या तपासणीत १३.९ व्होल्ट दिसले, कारण थोडी वीज वाहत असताना सैल जोडावर थोडाच दाब पडतो. गर्दी नसलेल्या दुपारी अरुंद बोळ पुरेसा वाटतो, सणाच्या संध्याकाळी तोच तुंबतो, तसे हे आहे. म्हणून चार्जिंगची तपासणी भार देऊनच करावी.

वायरीचे कान बदलून, जागा घासून, नट आवळून काम संपले. त्याचा खर्च बॅटरीच्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ. अण्णा परतताना घरी गेले नाहीत. मुलाला घेऊन ते थेट बॅटरीच्या दुकानात गेले, चार गिऱ्हाइके उभी असताना म्हणाले, "तुमचा माल चोख होता. मेळ आमच्याच गाडीत बसत नव्हता." जो शब्द चारचौघांत गेला होता, तो चारचौघांतच परत घ्यायला हवा होता. मुलाने मान खाली घातली आणि दुकानदाराने चहा मागवला.

प्रत्येक वेळी दोष याच ठिकाणी असेल, असे नाही. अल्टरनेटरवरच दाब कमी दिसला, तर आधी पट्टा पाहावा. तो सैल, चकचकीत किंवा तडकलेला असेल, विशेषतः पावसात गाडी चालू करताना किंचाळत असेल, तर अल्टरनेटर पुरेसा फिरत नाही. पट्टा ठीक असेल, तर आतील कार्बन झिजलेले असू शकतात, नियंत्रक बिघडलेला असू शकतो किंवा डायोड गेलेला असू शकतो. मीटर प्रत्यावर्ती दाबाच्या खुणेवर ठेवून, इंजिन चालू असताना बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक आकडा दिसला, तर डायोडचा संशय घ्यावा. कार्बन, बेअरिंग, नियंत्रक हे भाग कित्येकदा सुटे बदलता येतात. संपूर्ण अल्टरनेटर टाकून देण्यापूर्वी तो उघडून पाहणारा कारागीर शोधावा. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागांत शिरले. अशा पाण्यात उभी राहिलेली मोटार वरून स्वच्छ केली, तरी अल्टरनेटरच्या बेअरिंगमध्ये गाळ आणि वायरींच्या जोडांत गंज राहतो, आणि तो काही महिन्यांनी डोके वर काढतो. जुनी गाडी विकत घेताना ही चौकशी अवश्य करावी.

सर्व जमा योग्य असूनही उभी गाडी उतरत असेल, तर गळती शोधावी. बॅटरीचे ऋण टोक सोडवून त्या मार्गात मीटर अँपिअरच्या खुणेवर जोडायचा, दारे बंद करून अर्धा-पाऊण तास थांबायचे, म्हणजे गाडीतील संगणक झोपी जातात. त्यानंतरही ५० मिलिअँपिअरपेक्षा बरीच अधिक वीज वाहत असेल, तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजबरोबर आकडा खाली येईल, त्या खात्यात गळती आहे. बहुधा ती नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टिमची, कॅमेऱ्याची किंवा डिकीतील न विझणाऱ्या दिव्याची निघते. ही मोजणी चालू असताना सेल्फ मात्र मारू नये, मीटर जळतो.

काही जुन्या सवयी आता सोडायला हव्यात. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'डायनामो चालतो का' पाहण्याची रीत डायनामोच्या काळात खपून गेली. आजच्या गाडीत त्या एका झटक्याने दाब उसळून संगणक निकामी होऊ शकतो. दुसऱ्या गाडीवरून जंप घेतानाही क्रम पाळावा. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने पेट घेतो, म्हणून ही काळजी.

प्रवासात लाल दिवा लागला, तर त्याला किरकोळ समजू नये. रात्रीच्या पावसात गगनबावड्याच्या वाटेवर दिवे, वायपर, पंखा, इंधनपंप असा २५ ते ३० अँपिअर खर्च चालू असतो. जमा थांबली, की भरलेली बॅटरीसुद्धा फार तर तास-सव्वा तास साथ देते. आधी दिवे मंद होतात, विजेवर चालणारे स्टिअरिंग जड होते, शेवटी इंजिन थांबते, आणि तेही घाटाच्या वळणावर, मागे पाठीमागचे दिवे नसताना. दिवा लागताच पंखा, वातानुकूलन, संगीत बंद करावे. पट्टा तुटल्याने काही गाड्यांत इंजिनाचे पाणीही फिरायचे थांबते, म्हणून तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवावे. घाट चढण्याचा विचार सोडून जवळच्या वस्तीत, पेट्रोल पंपावर गाडी उभी करावी. मुलेबाळे आणि वृद्ध सोबत असताना एक मुक्काम वाढला, तर काही बिघडत नाही.

बॅटरी खरोखरच संपली असेल, तर ती जरूर बदलावी. पण जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराकडेच परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन पुनर्वापरास देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. चार पैसे जास्त मिळतात म्हणून ती उघड्यावर फोडणाऱ्या भंगारवाल्याच्या हाती दिली, तर आम्ल गटारात आणि शिसे मातीत जाते. त्या मातीत खेळणाऱ्या मुलाच्या रक्तात ते शिरते आणि त्याच्या बुद्धीची वाढ खुंटवते. विनाकारण बदललेल्या प्रत्येक बॅटरीमागे हा हिशेबही उभा असतो.

दिवाळीत नव्या वहीचे पूजन होते, त्याच दिवसांत गाडीच्या माहितीपुस्तिकेच्या कोऱ्या पानावर चार आकडे तारखेसह लिहून ठेवावेत: सकाळचा दाब, सेल्फ फिरतानाचा दाब, भार देऊन चालू इंजिनाचा दाब, आणि अल्टरनेटर ते बॅटरी या वाटेतील घट. पावसाळ्यापूर्वी हीच मोजणी पुन्हा करावी. दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. मागचा आणि आताचा आकडा शेजारी-शेजारी असला, की कोणाचे खाते बिघडले ते कागदच सांगतो.